पाळकाला कोण काढू शकतं? स्वतंत्र मंडळ्यांच्या कारभाराची गोष्ट

रविवारी सकाळी उल्हासनगर, पिंपरी-चिंचवड किंवा नागपूरच्या कडेच्या वस्त्यांतून फिरलं की गाळ्यांवर, शाळांच्या हॉलबाहेर, कधी गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडवर छोट्या पाट्या दिसतात. कुठे 'फेलोशिप', कुठे 'असेंब्ली', कुठे 'मिनिस्ट्रीज'. आत चाळीस माणसं असतात नाहीतर चारशे. या मंडळ्या, म्हणजे एकत्र उपासना करणाऱ्या ख्रिस्ती लोकांचे स्थानिक समूह, कॅथलिक नसतात, चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या नसतात, मेथडिस्टही नसतात. त्या स्वतंत्र असतात. "तुमच्या मंडळीच्या वर कोण?" असं विचारलं तर उत्तर येतं, "वर प्रभू येशू." श्रद्धेच्या अंगाने उत्तर चोख आहे. पण पाळकाचं (पास्टरचं) आणि सभासदांचं बिनसलं, अर्पणाच्या पैशाचा हिशेब जुळेना किंवा हॉल नक्की कुणाचा यावरून वाद पेटला, तर निर्णय माणसांनाच घ्यावा लागतो. कोणती माणसं?

चर्चच्या कारभाराच्या जगभर ढोबळमानाने तीन रीती आहेत. पहिलीत बिशप असतो. तो पाळकांच्या नेमणुका करतो, बदल्या करतो आणि गावातली मंडळी त्याच्या धर्मप्रांताचा भाग असते. कॅथलिक, अँग्लिकन आणि बरेचसे मेथडिस्ट या रीतीचे. दुसरीत बिशप नसतो, पण निवडलेल्या वडिलांच्या, म्हणजे मंडळीतल्या वडीलधाऱ्या कारभाऱ्यांच्या, पायरीपायरीने चढत जाणाऱ्या सभा असतात. खालच्या सभेचा निर्णय वरची सभा फिरवू शकते. ही प्रेसबिटेरियन रीत. तिसरीत मंडळीच्या दारापाशीच अधिकाराची हद्द संपते. पाळक निवडणं, त्याला पगार देणं, सभासद करून घेणं, चुकलेल्याला शिस्त लावणं, सगळं ती एकच स्थानिक मंडळी करते. हिला काँग्रिगेशनल म्हणतात. बॅप्टिस्ट, ब्रदरन आणि आजच्या बहुतेक स्वतंत्र पेंटेकॉस्टल मंडळ्या कमीअधिक फरकाने याच बाजूच्या.

तिन्ही रीतींचे लोक पवित्र शास्त्रातूनच (बायबलमधूनच) पुरावा काढतात, आणि गंमत म्हणजे तिघांनाही तो सापडतो. प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय: विधवांच्या रोजच्या वाटपावरून कुरबूर झाली तेव्हा प्रेषितांनी लोकांनाच सात माणसं निवडायला सांगितलं. चौदाव्या अध्यायात पौल आणि बर्णबा प्रत्येक मंडळीत वडील नेमतात. पंधराव्यात अंत्युखियातला वाद यरुशलेमेत नेला जातो आणि तिथला निर्णय पत्राने बाहेरच्या मंडळ्यांना कळवला जातो. स्वतंत्र मंडळीवाले आणखी मत्तय अठराकडे बोट दाखवतात: भाऊ चुकला तर आधी त्याला एकट्याला सांग, मग एकदोन जणांना सोबत ने, तरी ऐकत नसेल तर मंडळीला कळव. त्या पायरीच्या वर आणखी कुणाला कळवायचं, हे तिथे सांगितलेलं नाही. त्या मौनावर अख्खी एक परंपरा उभी आहे.

माझं मत असं, की स्वतंत्र मंडळीचा कारभार ओळखायचा तर पाटीवरचं नाव आणि घटनेतली गोड कलमं बाजूला ठेवून दोनच गोष्टी पाहाव्यात. पाळकाला काढण्याचा अधिकार कुणाला आहे, आणि जमीन-इमारत कुणाच्या नावावर आहे.

पहिल्या गोष्टीचा उगम पाहायला सेलमला जावं लागेल. तमिळनाडूतलं नव्हे, अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्समधलं. इंग्लंडच्या चर्चमध्ये बिशपांचा आणि राजाचा हस्तक्षेप नको म्हणून समुद्र ओलांडून आलेल्या प्युरिटन लोकांनी १६२९ साली तिथे आपले दोन धर्मसेवक स्वतः निवडले. प्रत्येकाने, अर्थात पुरुषांनीच, कागदावर नाव लिहून मत दिलं. कोणत्याही बिशपचा हात डोक्यावर न घेता मंडळीनेच त्यांना पाळकपदाची दीक्षा दिली. पुढे १६४८ मध्ये तिथल्या मंडळ्यांनी केंब्रिज गावी जमून आपल्या रीतीचा जाहीरनामाच लिहून काढला. प्रत्येक मंडळी आपल्यापुरती पूर्ण आहे, पण शेजारच्या मंडळ्यांनी एकमेकींची विचारपूस करावी, अडचणीत सल्लागार सभा बोलवावी, असं त्याचं सार. सल्ला ऐकला नाही तर शेजारी मंडळी संबंध तोडू शकते. जबरदस्ती मात्र करू शकत नाही.

ही यंत्रणा आतून कशी चालते ते गृहनिर्माण सोसायटीत राहणाऱ्याला चटकन कळेल. सभासदांची यादी असते आणि यादीत नाव येण्यासाठी बाप्तिस्मा किंवा विश्वासाची साक्ष लागते. नुसतं दर रविवारी येऊन बसल्याने मताचा हक्क मिळत नाही. वर्षातून एकदा तरी सभासदांची सभा भरते, तीत हिशेब मांडला जातो. वडील आध्यात्मिक देखरेख करतात. डीकन, म्हणजे मराठी पवित्र शास्त्रातले सेवक, गरिबांची मदत, इमारत, पैसा असली व्यवहाराची कामं बघतात. पाळक कुठे वडिलांपैकीच एक असतो, कुठे त्यांच्यापेक्षा वरचा आणि कुठे कागदोपत्री मंडळीचा पगारी नोकर. सगळी खरी भांडणं या शेवटच्या वाक्यात दडलेली असतात.

सभासदांच्या हाती खरोखर अधिकार असतो तेव्हा काय होतं, याचं गाजलेलं उदाहरण मॅसॅच्युसेट्समधल्याच नॉर्दॅम्प्टनचं. जोनाथन एडवर्ड्स हा अमेरिकेतला त्या शतकातला सर्वांत मोठा धर्मपंडित. वीसहून अधिक वर्षं तो तिथे पाळक होता. त्याच्या आधी त्याच्या आजोबांनी तीच मंडळी सांभाळली होती आणि प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीला, बसण्याची अट बरीच सैल ठेवली होती. नातवाने ती घट्ट करायचं ठरवलं: मनःपरिवर्तनाची साक्ष देणाऱ्यानेच प्रभुभोजन घ्यावं. गावातल्या प्रतिष्ठितांना ते रुचलं नाही. शेजारच्या मंडळ्यांची सभा बसली, तीत एका मताच्या फरकाने त्याच्या बडतर्फीची शिफारस झाली, आणि जून १७५० मध्ये मंडळीने त्याला काढलं. दोनशेहून अधिक मतं विरोधात, बाजूने २३. नवा पाळक मिळेना म्हणून त्यानंतर कित्येक महिने त्याच एडवर्ड्सला रविवारच्या प्रवचनाला बोलवत राहिले, आणि तो गेलाही. बहुमत शहाणंच असतं असं यातून सिद्ध होत नाही. पण तिथे मालक कोण होतं याबद्दल कुणाच्या मनात शंका राहिली नाही.

दुसऱ्या गोष्टीचा, म्हणजे मालमत्तेचा, धडा त्याच मॅसॅच्युसेट्सने सत्तर वर्षांनी शिकला. डेडम गावात पाळक निवडताना मंडळीचे सभासद एकीकडे आणि चर्चसाठी कर भरणारा उरलेला गाव दुसरीकडे अशी फूट पडली. गावाला त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) न मानणारा उदारमतवादी पाळक हवा होता, सभासदांपैकी बहुतेकांना तो नको होता. बहुसंख्य सभासद बाहेर पडले आणि मंडळीचा निधी, दप्तर, प्रभुभोजनाची चांदीची भांडी आपलीच म्हणून दावा केला. १८२० मध्ये न्यायालयाने उलट निकाल दिला: गावाबरोबर जे थोडे सभासद मागे राहिले तीच कायद्याने मंडळी, आणि मालमत्ता तिची. खरी मंडळी कोणती हा विश्वासाचा प्रश्न असेल, पण चांदीची भांडी कुणाकडे जायची हे न्यायाधीशाने ठरवलं.

आता यात आपला संबंध कुठे? तर अगदी जवळचा. याच काँग्रिगेशनल मंडळ्यांनी १८१० मध्ये अमेरिकन बोर्ड नावाची मिशनरी संस्था काढली. तिच्या पहिल्या मिशनऱ्यांना १८१२ मध्ये दीक्षा मिळाली ती सेलम गावातच. त्यांच्यापैकी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि अमेरिकन मराठी मिशनला सुरुवात झाली. १८३१ पासून अहमदनगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर, हे तिचं मोठं ठाणं बनलं. 'ज्ञानोदय' हे नियतकालिक १८४२ मध्ये याच मिशनने सुरू केलं.

म्हणजे बिशप नको म्हणणाऱ्यांचे वारस मराठी मुलखात आले. पण नगरला चित्र वेगळं उभं राहिलं. इथल्या पाळकांचा, शाळामास्तरांचा, उपदेशकांचा पगार बोर्डाच्या बॉस्टनमधल्या कचेरीतून येणाऱ्या पैशातून होत होता, आणि तो कुणाला किती द्यायचा हे मिशनऱ्यांच्या बैठकीत ठरायचं. ज्याच्या घरची चूल दुसऱ्याच्या सहीवर पेटते तो मतदान कितपत मोकळेपणाने करणार? बिशप हा शब्द कुणी उच्चारत नव्हतं, अधिकार मात्र मिशनऱ्याच्या बंगल्यात होता.

हे बॉस्टनमध्ये बसून ओळखलेला माणूस होता रूफस अँडरसन, बोर्डाचा सचिव. १८५४-५५ मध्ये तो स्वतः भारतात येऊन मराठी मिशन बघून गेला. त्याचं म्हणणं असं, की मिशनऱ्याने मंडळी उभी करावी आणि बाजूला व्हावं. मंडळीने आपला कारभार स्वतः करावा, आपला खर्च स्वतः भागवावा आणि सुवार्तेचा प्रसारही स्वतः करावा. इंग्लंडमध्ये तिथल्या एका मिशनरी संस्थेचा सचिव हेन्री व्हेन हेच मांडत होता. नगर भागात त्या दशकात मराठी पाळकांना दीक्षा मिळू लागली, गावोगाव छोट्या मंडळ्यांना मान्यता मिळाली. पण तिन्हींपैकी मधली अट, खर्चाची, दुष्काळी गावातल्या भूमिहीन सभासदांना पेलणारी नव्हती, आणि ती पेलली नाही की पहिली अट आपोआप ढिली पडते. (जाता जाता: हीच 'तीन स्व'ची घोषणा शंभर वर्षांनी चीनमध्ये कम्युनिस्ट सरकारच्या मान्यतेने चालणाऱ्या चर्चच्या नावात जाऊन बसली. अँडरसनला हे ऐकून झीट आली असती.)

या कोंडीवर सर्वांत धीट मराठी उत्तर दिलं रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी. १८९५ मध्ये बाप्तिस्मा, १९०४ मध्ये याच मिशनमध्ये दीक्षा आणि १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार'. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे येशूचे अनुयायी त्यात यावेत, मिशनचा पगार नको, परदेशी चौकट नको, अशी ती कल्पना. मे १९१९ मध्ये टिळक वारले आणि दरबार फार टिकला नाही. स्वातंत्र्य होतं, भक्ती होती, मराठीपण तर ओतप्रोत होतं. पण टिळकांच्या माघारी कोण, याची सोय नव्हती. संस्थापकाच्या व्यक्तिमत्त्वावर उभ्या राहिलेल्या मंडळ्यांची ही अडचण आजही जशीच्या तशी आहे.

मिशनच्या मंडळ्यांचं पुढे काय झालं ते थोडक्यात. १९२४ मध्ये काँग्रिगेशनल आणि प्रेसबिटेरियन मिळून एक संयुक्त चर्च झालं. मग २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा परंपरांची मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली, तीत बॅप्टिस्ट आणि ब्रदरन संघही होते. नव्या रचनेत बिशप आहेत. म्हणजे सेलमहून नगरला आलेली परंपरा सुमारे साडेतीनशे वर्षांनी बिशपच्या छत्राखाली गेली. आज महाराष्ट्रात 'स्वतंत्र' म्हणून ज्या मंडळ्या दिसतात त्यांतल्या बहुतेक या जुन्या घरातल्या नाहीत, नंतर स्वतःच्या बळावर उगवलेल्या आहेत.

प्लिमथ ब्रदरन लोकांचा (चर्च ऑफ नॉर्थ इंडियात गेलेला ब्रदरन संघ वेगळा) प्रयोग वेगळाच. १८२०-३० च्या सुमारास डब्लिन आणि प्लिमथमध्ये सुरू झालेल्या या मंडळ्यांनी पगारी पाळकच नको म्हटलं. वडील अनेक, पगार कुणालाच नाही, बोलायला कोणताही भाऊ उठू शकतो. यांची माणसं १८३६ मध्ये भारतात आली, पुढे आंध्रात नरसापूरला गेली आणि गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशात त्यांच्या मंडळ्या वाढल्या. पण १८४८ मध्येच त्यांच्यात उभी फूट पडली, तीही नेमक्या आपल्या विषयावरून. प्लिमथच्या एका शिक्षकाची शिकवण चुकीची ठरवून त्याला दूर केलं गेलं होतं. त्याच्याकडून आलेल्यांना ब्रिस्टलच्या मंडळीने स्वतः पारखून आत घेतलं. ब्रिस्टलला होते अनाथाश्रमासाठी प्रसिद्ध असलेले जॉर्ज म्यूलर. एका मंडळीने घातलेला बहिष्कार सगळ्यांना बंधनकारक आहे, असं त्यांच्यातला एक पुढारी जॉन डार्बी याच्या गटाचं म्हणणं. प्रत्येक मंडळीने स्वतः बघून ठरवावं, असं म्यूलरच्या बाजूचं. पहिल्या गटाने मध्यवर्ती कार्यालय न ठेवताही मध्यवर्ती हुकूम चालवून दाखवला. स्वातंत्र्य कागदावर नसलं तरी चालतं आणि कागदावर असूनही हरवतं, हे या लोकांनी एका वर्षात शिकवलं.

आजचा सर्वांत चलनी नमुना मात्र यांपैकी कुठलाच नाही. एक माणूस, बहुधा वक्तृत्व असलेला, घरात प्रार्थना सुरू करतो. माणसं वाढतात. गाळा भाड्याने घेतला जातो. पत्नी, मेहुणा, दोन विश्वासू भाऊ 'कमिटी' होतात. वीस वर्षांनी चारशे सभासद असतात, मतदानाचा हक्क कुणालाच नसतो आणि मुलगा बायबल कॉलेजातून परत आलेला असतो. यात दरवेळी लबाडी असते असं मुळीच नाही. बऱ्याच पाळकांनी पदरमोड करून ते उभं केलेलं असतं, आणि ज्याने घाम गाळला त्याला "तुला आम्ही काढू शकतो" असं सांगणारा कागद पुढे करायला सभासदही कचरतात. त्यात "अभिषिक्ताला हात लावू नका" हे वचन भिंतीसारखं मध्ये येतं. ते वचन स्तोत्रसंहितेत परक्या राजांना उद्देशून आहे, हिशेब विचारणाऱ्या खजिनदाराला उद्देशून नाही, एवढं तरी लक्षात ठेवावं. शास्त्रात हा स्वभाव अनोळखी नाही. योहानाच्या तिसऱ्या पत्रात दियत्रफेस नावाचा एक जण आहे, अग्रमान मिळवण्याची हौस असलेला. तो भावांना स्वीकारत नाही आणि स्वीकारणाऱ्यांना मंडळीबाहेर घालवतो.

वडिलांची यादी असली म्हणजे धोका टळतो असंही नाही. सिएटलची मार्स हिल चर्च १९९६ मध्ये सुरू झाली आणि तिथे अनेक वडिलांचा कारभार होता. २००७ मध्ये नियमावली बदलून अधिकार मूठभर जणांकडे एकवटायचा ठरला तेव्हा आक्षेप घेणाऱ्या दोन वडिलांना नोकरीवरून काढलं गेलं. हे दोघं वडील होते आणि पगारदारही. ज्याच्या वागण्यावर लक्ष ठेवायचं त्याच्याच हाती तुमची नोकरी, ही नगरच्या मिशनची तीच गाठ, फक्त बंगल्याऐवजी सिएटल. ऑक्टोबर २०१४ मध्ये संस्थापक पाळकाने राजीनामा दिला आणि २०१५ उजाडताना ती चर्च एक संस्था म्हणून उरली नव्हती. तिच्या काही शाखा स्वतंत्र मंडळ्या झाल्या, काही बंद पडल्या.

स्वतंत्र मंडळ्या आपापसांत संघ करतात तेव्हा आणखी एक पेच येतो. अमेरिकेतलं सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन हा हजारो स्वायत्त मंडळ्यांचा संघ आहे. तो कोणत्याही मंडळीचा पाळक नेमत नाही, काढत नाही, इमारतीवर हक्क सांगत नाही. लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी येत तेव्हा संघाची कार्यकारिणी वर्षानुवर्षं याच स्वायत्ततेकडे बोट दाखवत राहिली: प्रत्येक मंडळी स्वतंत्र, आम्ही आरोपींची यादी कशी ठेवणार? मे २०२२ मध्ये बाहेरच्या संस्थेचा चौकशी अहवाल आला आणि कळलं की कार्यालयात अशी यादी गुपचूप ठेवलेली होती. ती जाहीर झाली तेव्हा तीत ७०० हून अधिक नोंदी निघाल्या. पुढच्याच वर्षी, जून २०२३ मध्ये, याच संघाने स्त्री पाळक ठेवल्याबद्दल कॅलिफोर्नियातल्या सॅडलबॅक या अवाढव्य मंडळीला संघाबाहेर काढण्यावर शिक्कामोर्तब केलं. म्हणजे एका प्रश्नावर "आमच्या हातात काही नाही" आणि दुसऱ्यावर "चालते व्हा". यादी ठेवण्याइतकी आणि काढून टाकण्याइतकी ताकद संघाकडे पहिल्यापासून होती. कुठे वापरायची एवढंच ठरवायचं होतं.

उलट बाजूही सांगायला हवी. १८५३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या साउथ बटलर या खेड्यातल्या एका काँग्रिगेशनल मंडळीने अँटोनेट ब्राउन या बाईंना पाळकपदाची दीक्षा दिली. बिशप असता किंवा वरची सभा असती, तर हे घडायला बहुधा पिढ्या लागल्या असत्या. तिथे एका खेड्याने ठरवलं आणि झालं.

महाराष्ट्रात मात्र 'वर कोणी नाही' हे कायद्याच्या अंगाने कधीच पूर्ण खरं नसतं. मंडळी १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेली असो वा न्यास म्हणून, १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली ती धर्मादाय आयुक्तांच्या कक्षेत येते. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज, म्हणजे बोलीभाषेतला चेंज रिपोर्ट, द्यावा लागतो. आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय न्यासाची जमीन विकता येत नाही. गैरकारभार सिद्ध झाला तर विश्वस्ताला निलंबित करण्याचा किंवा काढण्याचा अधिकार आयुक्तांना आहे, आणि न्यासात हितसंबंध असलेल्या दोन व्यक्तीसुद्धा आयुक्तांच्या संमतीने न्यायालयात जाऊ शकतात. कुठे बाप्तिस्मा द्यायचा, प्रवचन काय करायचं, यात हे कार्यालय पडत नाही. ते मालमत्ता, हिशेब आणि विश्वस्त एवढंच बघतं. परदेशातून पैसा येत असेल तर त्यावर आणखी २०१० चा परकीय योगदान कायदा.

आणि नोंदणीच केली नसेल तर? अनेक घरगुती मंडळ्यांची जागा पाळकाच्या वैयक्तिक नावावर घेतलेली असते, भले पैसे सभासदांच्या अर्पणातून आलेले असोत. पाळक मृत्युपत्र न करता वारला तर भारतीय वारसा कायदा १९२५ प्रमाणे ती जागा पत्नी आणि मुलांकडे जाते. वीट न् वीट आपण दिली असं सांगणाऱ्या सभासदांना मग पावत्या काढून दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी लागते, आणि दानपेटीत टाकलेल्या नोटेची पावती कुणी घेतलेली नसते.

मंडळी नोंदणीकृत असेल तर धर्मादाय कार्यालयातून परिशिष्ट एकचा उतारा काढता येतो. त्यात विश्वस्तांची नावं असतात, मालमत्तेची नोंद असते, आणि विश्वस्तांचे वारस, म्हणजे पुढचे विश्वस्त, कसे नेमायचे तेही असतं. वारसाच्या रकान्यात "सभासदांच्या सभेत निवडणुकीने" असं आहे की "विद्यमान विश्वस्तांच्या मर्जीने" असं आहे, ते आधी बघावं. मग नावं वाचावीत. पाचपैकी चार विश्वस्तांचं आडनाव पाळकांचंच निघालं, तर मतदानाच्या कलमापर्यंत जायची गरज पडत नाही.